बेळगुंदीहून पाच अब्ज वर्षं मागं

नोव्हेंबरातली रात्र. बेळगुंदीच्या शिवारात सुगी चालू आहे. कापलेल्या भाताच्या वासात मधूनच नुकती रताळी काढलेल्या मातीचा वास मिसळतोय. तुम्ही घराच्या स्लॅबवर उभे आहात. पूर्वेला बेळगाव शहराचा पिवळट उजेड आभाळात चढलाय, म्हणून त्याच्याकडं पाठ करून तुम्ही वर बघताय. डोक्यावर, जरा उत्तरेला कलून, देवयानी तारकासमूहातला धुरकट ठिपका दिसतो. ही शेजारची दीर्घिका. तिथला उजेड निघाला तेव्हापासून पंचवीस लाख वर्षं उलटलीत.

"काय बघूलाल्यासा ओ एवढं वर?" शेजारचे आप्पा खालून विचारतात.

"जुनं काहीतरी, आप्पा."

"जुनं बघायला वर कशाला जायला पाहिजे? खरं असू दे, आधी जेवून घ्या."

जेवण थांबेल. आज तुम्हाला पंचवीस लाखांवर थांबायचं नाही, पाच अब्ज वर्षं मागं जायचंय. सोबत एकच प्रश्न घ्या: आकाशातला हिशेब जुळत नसेल, तर चूक नियमाची धरायची, की वाटेत न दिसणारं काहीतरी आहे असं मानायचं?

प्रश्न जुनाच आहे. युरेनस ठरल्या वाटेनं चालेना, तेव्हा खगोलवैज्ञानिकांनी न दिसणारा ग्रह गृहीत धरला आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. बुध ठरल्या वाटेनं चालेना, तेव्हाही तोच उपाय केला. त्या न दिसलेल्या ग्रहाला 'व्हल्कन' असं नावही देऊन झालं, पण तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलला तेव्हा बुधाचा हिशेब लागला. एकदा न दिसणारी वस्तू खरी निघाली, एकदा नियम अपुरा निघाला. आता सबंध विश्वाच्या बाबतीत तेच कोडं समोर आहे, आणि त्यात आपल्या भागातल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. आधी त्याला भेटू.

फेब्रुवारी १९६१, लंडन

तुम्ही बर्लिंग्टन हाऊसच्या सभागृहात मागच्या बाकावर बसला आहात. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक आहे. ओल्या लोकरी कोटांचा वास आहे, आणि हवेत एक प्रकारचं दडपण आहे. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केलीय. मंद, म्हणजे दूरचे, म्हणजेच जुन्या काळातले स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त भरतायत. विश्व पूर्वी वेगळं होतं, असा त्याचा अर्थ. आणि तसं असेल तर फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडलेला स्थिर स्थिती सिद्धांत मोडीत निघतो. विश्व प्रसरण पावतं, पण मधल्या जागेत नवं द्रव्य जन्मत राहतं, त्यामुळं त्याचा चेहरामोहरा बदलत नाही, असं तो सिद्धांत सांगतो.

हॉईल यांच्या वतीनं उत्तर द्यायला बावीस वर्षांचा एक सडपातळ विद्यार्थी उठतो. जयंत विष्णु नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. बेळगावहून निपाणी ओलांडून कागल गाठलं की पुढं जे कोल्हापूर लागतं, तेच. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठातले गणिताचे नामवंत प्राध्यापक, त्यामुळं मुलगा वाढला बनारसला आणि १९५७ साली केंब्रिजला आला.

आवाज शांत आहे, मुद्दा नेमका. तो म्हणतो, विश्वातलं द्रव्य सगळीकडं सारखं पसरलेलं आहे हे तुम्ही गृहीत धरलंत. दीर्घिकांचे प्रचंड मोठे पुंजके आणि त्यांच्यामध्ये तशाच मोठ्या पोकळ्या असतील, आणि आपण एखाद्या पोकळीजवळ असू, तर मोजणी अशीच येईल. समोरचे फारसे पटल्यासारखे दिसत नाहीत. एवढे मोठे पुंजके तेव्हा कुणी मानत नव्हतं.

पुढं स्थिर स्थिती सिद्धांत मागं पडला. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना सगळ्या दिशांनी येणारी सूक्ष्मलहरींची ऊब सापडली आणि बहुतेकांनी महास्फोटाचा, म्हणजे विश्वाला तापलेली सुरुवात होती या सिद्धांताचा, पक्ष घेतला. पुंजक्यांचा मुद्दा मात्र खरा ठरला. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत चार अब्ज प्रकाशवर्षांवरचा 'सरस्वती' महासमूह शोधला. त्याची लांबी सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षं आहे.

बैठक संपते. तुम्ही बाहेर पडता आणि आणखी मागं निघता.

पाच अब्ज वर्षांपूर्वी

वाटेत क्षणभर बेळगुंदीवर थांबा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ आहे. तुमच्या गावाच्या जागी तापलेला काळा लाव्हा थरावर थर साचतोय. दख्खनच्या या लाव्हाची दक्षिणेकडची कड इथं जवळपासच संपणार आहे. पुढं याच खडकाचा वरचा थर पावसानं झिजून तुमच्या शिवारातला तांबडा जांभा होईल. आणखी मागं गेलात की डोंगर जातात, समुद्र जातो, आणि साडेचार अब्ज वर्षांच्या पलीकडं पायाखाली पृथ्वीच उरत नाही. सूर्यही नाही. ज्या ढगातून तो जन्मणार आहे, त्यातल्या लोखंडाचा काही भाग अजून कुठल्यातरी ताऱ्याच्या पोटात आहे.

इथं एका दूरच्या दीर्घिकेत एक श्वेत बटू तारा बघा. आकारानं पृथ्वीएवढा, वजनानं सूर्यापेक्षा जास्त. जोडीदाराचं द्रव्य ओढत ओढत तो वस्तुमानाच्या त्या मर्यादेजवळ आलाय जिथं त्याला स्वतःचं वजन पेलत नाही: सूर्याच्या साधारण १.४ पट. तो फुटतो. काही सेकंदांत कार्बन आणि ऑक्सिजन जळून सूर्याच्या निम्म्याहून जास्त वजनाचं किरणोत्सारी निकेल तयार होतं. सहा दिवसांत त्यातलं निम्मं कोबाल्ट होतं. कोबाल्ट निम्मं व्हायला सत्त्याहत्तर दिवस घेतं आणि शेवटी लोखंड बनतं. पहिले तीन आठवडे तेज चढत जातं, मग उतरू लागतं. या जातीचे स्फोट जवळपास सारख्याच तेजाचे असतात, म्हणून ते अंतराची मापं म्हणून वापरता येतात. मूळ तेज माहीत असलं की, किती मंद दिसतो यावरून किती दूर आहे ते कळतं.

आता या स्फोटाच्या उजेडाबरोबर तुम्ही पृथ्वीकडं निघायचंय. वाट पाच अब्ज वर्षांची, आणि ती तुम्हाला तीनदा चालायची आहे. दर वेळी वाटेवरचं विश्व वेगळं असेल.

पहिली फेरी: लोखंडाच्या सुया

पहिली फेरी नारळीकरांच्या विश्वातून. १९९३ साली हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुना सिद्धांत सुधारून नवा मांडला. यातलं विश्व दर चाळीस-पन्नास अब्ज वर्षांनी फुगतं आणि आकसतं, आणि तसं करत करत एकंदरीत वाढत जातं. सध्याच्या आवर्तनात त्याच्या प्रसरणाचा वेग कमी होतोय.

तुम्ही चालताय, चौफेर काळोख आहे. आणि एकाएकी एक सुई दिसते. लोखंडाची, एक मिलिमीटर लांब, जाडी मिलिमीटरच्या एक लाखांश. ताऱ्यांच्या स्फोटातून बाहेर फेकलेली धातूची वाफ थंड होताना अशा केसासारख्या तंतूंच्या रूपात गोठते, असं हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं होतं. धातूची वाफ प्रयोगशाळेत सावकाश थंड केली तर असे तंतू होतात, हे त्यांच्या बाजूनं बोलणारं.

पुढची सुई कुठं आहे? या सिद्धांताला लागणाऱ्या घनतेवरून ठोकळ हिशेब केला, तर बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत जेवढं अंतर, तेवढी लांब, तेवढी रुंद आणि तेवढीच उंच जागा घेतली की तिच्यात एक सुई येते. फक्त एक. तरीही पाच अब्ज वर्षांच्या वाटेवर त्या एवढ्या येतात की पोहोचेपर्यंत उजेडाचा पाचवा हिस्सा त्यांनी खाल्लेला असतो.

साधी धूळ का नाही चालत? मार्च-एप्रिलमध्ये राकसकोपच्या रस्त्यावर तांबड्या फुफाट्यातून येणाऱ्या टेम्पोचा दिवा आठवा. तो मंद तर होतोच, वर पिवळा-लालही दिसतो, कारण बारीक धूळ निळा रंग जास्त अडवते. दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, पण त्यांच्यात असा लालपणा पुरेसा आढळत नाही. लांब सुयांचं तसं नाही. त्यांची लांबी उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट असल्यानं त्या सगळे रंग जवळपास सारखेच गिळतात. मंद दिसेल, पण रंगावरून पत्ता लागणार नाही. शिवाय गिळलेली ऊर्जा त्या सूक्ष्मलहरींच्या रूपात परत टाकतात. ताऱ्यांनी हायड्रोजनचं हेलियम करताना सोडलेली सगळी ऊर्जा अशी पसरवली तर तापमान २.७ केल्विनच्या आसपास येतं, म्हणजे १९६५ साली सापडलेल्या उबेइतकंच. एका सुईत दोन कोड्यांची उत्तरं.

न दिसणारं द्रव्य सुचवून दूरच्या स्फोटांचं कोडं सोडवायचा हा डाव आपल्याच मातीतल्या माणसानं खेळला होता. बाकीचे खगोलवैज्ञानिक ज्या कृष्णद्रव्याविषयी, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याविषयी, बोलत होते त्याच्याशी या सुयांचा संबंध नव्हता. या साध्या लोखंडाच्या होत्या, फक्त काळोखात दडलेल्या.

दुसरी फेरी: रिकामी वाट

आता तीच वाट, पण सुया काढून टाका. चालताय, चालताय, आणि काहीतरी बिघडलंय असं जाणवतं. मुक्काम अपेक्षेएवढा लवकर जवळ येत नाही. तुमच्या आणि पृथ्वीच्या मधली जागा ताणण्याचा वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललाय. उजेड वाटेत कुणीच खात नाही. अंतरच जास्त निघतं, म्हणून स्फोट मंद दिसतो.

तुम्ही १९९८ साली पृथ्वीवर उतरता. सॉल पर्लमटर यांचा एक गट, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांचा दुसरा. दोघांनाही दूरचे स्फोट अपेक्षेपेक्षा वीस-पंचवीस टक्के मंद आढळले. अर्थ त्यांनी असा लावला की प्रसरणाचा वेग वाढतोय, आणि तो वाढवणारी 'डार्क एनर्जी' अवकाशातच भरलेली आहे. आजच्या हिशेबात विश्वाच्या ऊर्जेपैकी सुमारे ६८ टक्के ती, २७ टक्के कृष्णद्रव्य, आणि तारे, डोंगर, रताळी, तुम्ही-आम्ही धरून उरलेले ५ टक्के. तिघांना २०११ चं नोबेल मिळालं.

यात एक गंमत आहे. वेग वाढत जाणारं प्रसरण १९४८ च्या मूळ स्थिर स्थिती सिद्धांतातूनच निघत होतं. पण १९९३ च्या सुधारित सिद्धांताला वेग कमी होणारं विश्व लागत होतं. त्यामुळं जुन्या सिद्धांताचं भाकीत मोजमापात दिसू लागलं, तेव्हाच त्याचे शिल्पकार त्या मोजमापाला दुसरं कारण शोधत होते.

पुणे, २००० आणि त्यानंतर

दोन्ही वाटा तुम्ही चाललात आणि दोन्हींच्या शेवटी स्फोट सारखाच मंद दिसला. मग खरी वाट कुठली ते कसं ठरवायचं? त्यासाठी पुणे विद्यापीठाच्या आवारात या. इथं १९८८ साली नारळीकरांनी आयुका उभी केली आणि २००३ पर्यंत तिचे संचालक राहिले.

साल २०००. दालनात आर. श्रीआनंद यांच्यासमोर चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून घेतलेला एका क्वेसारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राचा, वर्णपट आहे. फ्रान्सचे पेतिजाँ आणि लदू हे त्यांचे सहकारी. क्वेसारच्या अलीकडं, वाटेत असलेल्या एका ढगातले कार्बनचे अणू किती उत्तेजित आहेत, यावरून त्या काळातल्या पार्श्वभूमीच्या उबेचं तापमान काढायचंय. महास्फोट खरा असेल तर दहा अब्ज वर्षांहून जुन्या त्या काळात विश्व जास्त गरम असायला हवं, साधारण ९ केल्विन. उत्तर आलं ६ आणि १४ च्या मध्ये. 'नेचर'मध्ये ते प्रसिद्ध झालं. संस्थापकाच्या आवडत्या सिद्धांताला अडचणीचं वाटू शकेल असं मोजमाप त्याच्याच संस्थेत झालं, आणि कुणी ते अडवलं नाही. संस्था कशी असावी याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुयांवर घाव पडले ते इतर दिशांनी. २००१ साली रीस आणि सहकाऱ्यांनी सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वीचा एक स्फोट जाहीर केला. वाटेत नुसती धूळच असती तर जेवढं लांबचं तेवढं मंद व्हायला हवं होतं. हा मात्र धुळीच्या हिशेबापेक्षा तेजस्वी निघाला. त्या काळात विश्वाचा वेग कमी होत होता आणि नंतर तो वाढायला लागला, हे धरलं की तो बसतो. २००३ साली डब्ल्यूमॅप उपग्रहानं पार्श्वभूमीच्या उबेतले बारीक चढउतार मोजले, आणि त्यांचा नमुना महास्फोटाच्या गणितानं आधी सांगितल्यासारखा निघाला. नारळीकर आणि सहकारी आपला सिद्धांत या मोजमापांशी जुळवत राहिले, पण बहुतेकांनी सुयांची वाट सोडली.

तिसरी फेरी: बदलणारं कृष्णद्रव्य

आता तिसऱ्यांदा. या वेळी वाटेत सुया नाहीत. डार्क एनर्जी आहे, पण ती गप्प आहे, काळाबरोबर बदलत नाही. विचित्र वागतंय ते कृष्णद्रव्य.

साधं कृष्णद्रव्य सरळ चालीचं असतं. विश्व लांबी-रुंदी-उंचीत दुप्पट झालं की त्याची घनता आठव्या हिश्श्यावर येते, कारण तेवढंच द्रव्य आठपट जागेत पसरतं. तुमच्या वाटेवर मात्र त्यातला काही भाग हा नियम पाळत नाही. कधी तो दाब दाखवतो आणि घनता ठरल्यापेक्षा लवकर उतरते, कधी सावकाश. जड द्रव्य कमी-जास्त झालं की प्रसरणावरचा लगाम कमी-जास्त होतो. त्यामुळं वाट कुठं जास्त ताणते, कुठं कमी.

हा मार्ग का सुचावा? त्यासाठी अ‍ॅरिझोनात किट पीकवर उतरा. तिथल्या चार मीटरच्या मेयॉल दुर्बिणीवर 'डेसी' नावाचं यंत्र पाच हजार प्रकाशतंतूंनी एकाच वेळी पाच हजार दीर्घिकांचा उजेड टिपतं. मार्च २०२५ मध्ये जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार मोजून झाले. दीर्घिकांच्या मांडणीत विश्वाच्या सुरुवातीच्या ध्वनिलहरींनी उमटवलेलं, सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षांचं एक माप दडलेलं आहे. ते वेगवेगळ्या काळात मोजल्यावर डार्क एनर्जी स्थिर नसून बदलत असावी, अशी शंका आली. ही शंका किती पक्की, ते कुठले स्फोट हिशेबात धरले यावर बदलतं: २.८ ते ४.२ सिग्मा. भौतिकशास्त्रात शोध जाहीर करायला ५ लागतात.

डेसीच्या मोजमापाचं सरळ वाचन घेतलं, तर एके काळी विश्व फुगत असूनही डार्क एनर्जीची घनता वाढत होती असं निघतं, आणि ते पचायला जड आहे. म्हणून २०२५ सालीच हार्वर्डच्या शिंगांग चेन आणि अवी लोएब यांनी उलटा प्रश्न टाकला: बदलतं ते कृष्णद्रव्यच असलं तर? कृष्णद्रव्याचा काही अंश सावकाश क्षय पावतो, अशा कल्पना इतरांनीही वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. त्यामागं एक जुनं दुखणंही आहे. प्लँक उपग्रहाच्या मोजमापावरून प्रसरणाचा आजचा वेग दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला ६७.४ किलोमीटर येतो, आणि जवळच्या ताऱ्यांवरून, स्फोटांवरून ७३ च्या आसपास. दोन्ही मोजमापं काटेकोर, आणि दोन्ही एकत्र बसत नाहीत.

तिसरी फेरी खरी आहे का? अजून ठरलेलं नाही. पण ती तपासता येते. कृष्णद्रव्य खरंच असं वागत असेल तर दीर्घिकांच्या पुंजक्यांची वाढ आणि लांबचा उजेड वाकवण्याची त्यांची ताकद, दोन्हींत फरक दिसला पाहिजे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये आली. तिचं दहा वर्षांचं सर्वेक्षण नेमकं हेच मोजणार आहे. स्फोटांची जोखमीची मोजणी सुधारायचं कामही चालू आहे. पालोमारच्या झ्विकी सर्वेक्षणानं या जातीचे साडेतीन हजारांहून जास्त स्फोट एका संचात दिलेत. हे सर्वेक्षण उभारणारे श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा, म्हणजे पुन्हा आपल्याच सीमेवरचा.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले, डेसीचे आकडे आल्यानंतर दोन महिन्यांनी. त्यांच्या सुया हरल्या, यात आडपडदा ठेवायचं कारण नाही. पण त्या हरू शकल्या, कारण नारळीकरांनी लांबी, घनता, तापमान असं सगळं आकड्यांत सांगितलं होतं. जे आकड्यांत सांगितलेलं नसतं ते कधी हरतही नाही आणि कधी खरंही ठरत नाही. उद्या कुणी मोबाइलवर तुम्हाला 'डार्क एनर्जी थोतांड आहे' असं सांगू लागलं, किंवा 'ती सिद्ध झाली, विषय संपला' असं म्हणू लागलं, तर त्याला एकच गोष्ट विचारा: तुमचं म्हणणं चूक ठरवणारं मोजमाप कुठलं? उत्तर असलं तर ऐकत बसा. नसलं तर आप्पांचं ऐका, आधी जेवून घ्या.